वर्गातून बाहेर काढायचं की वर्गातच बसायचं?

माणदेशी_वाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी विशेष शिक्षिका आहे. डी.एड. विशेष शिक्षण, विषय बौद्धिक अक्षमता. सहा वर्षं पुण्यात एका विशेष शाळेत होते. वर्गात आठ मुलं, मदतीला एक ताई, बाजूच्या खोलीत वाचा-उपचार. जूनपासून माण तालुक्यात फिरती विशेष शिक्षिका म्हणून रुजू झालेय. माझ्याकडे १३ प्राथमिक शाळा आणि यादीवर ४१ मुलं. बहुतेक शाळा पहिली ते चौथीच्या, दोन शिक्षकी. एसटीच्या वेळा जुळत नाहीत म्हणून स्कूटी. एका शाळेत पंधरा दिवसांतून एकदा पोहोचते.

प्रश्न असा. मी दारात दिसले की वर्गशिक्षक म्हणतात, "या मॅडम, तुमचं पोरगं घ्या." मग मी त्या मुलाला घेऊन ऑफिसमध्ये, तांदळाच्या पोत्यांशेजारी बसते. मणी, चित्रकार्डं, चिंचोके काढते. चाळीस मिनिटं छान जातात, मूलही खुश असतं. मी निघते, पंधरा दिवसांनी परत येते, तर पाटी कोरी.

परवा एका शाळेत तिसरीतल्या मुलीला बोलावलं. ती बौद्धिक अक्षम आहे, बोलणं थोडं अस्पष्ट. ती दप्तर घेऊन आली. म्हटलं, दप्तर कशाला गं, परत वर्गातच जायचंय. तर म्हणाली, "मग जागा जाते." बस्करावरून ती उठली की शेजारची पोरं सरकतात आणि परत गेल्यावर तिला भिंतीपाशी बसावं लागतं. म्हणजे मी तिला शिकवायला जाते आणि माझ्यामुळेच तिची जागा जाते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वर्गात तिच्या शेजारी बसून शिकवावं, तर बाकीची मुलं माझ्याकडेच बघत बसतात आणि सरांचा तास मोडतो. बाहेर काढावं, तर हे असं. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, तुम्ही काय करता?

सांजवात

वाचतेय. या विषयावर इथं कधी धागा आल्याचं आठवत नाही.

आंबेमोहर

माणदेशी, तुमचं मनापासून स्वागत. मी रत्नागिरी जिल्ह्यात १४ वर्षं हेच काम करतेय. आमच्याकडे अंतर कमी पण वाड्या उंचसखल, पावसाळ्यात स्कूटी रस्त्यावर ठेवून चालत जायचं.

पहिली तीन वर्षं मी तुमच्यासारखीच पोत्यांशेजारी बसले. मग हळूहळू माझी एक रीत बसली. शाळेत गेलं की पहिली पंधरा मिनिटं वर्गात मागे बसायचं आणि फक्त बघायचं. मूल कुठं बसलंय, कुणाच्या वहीत बघतंय, कुठल्या क्षणी त्याचा धागा सुटतो. मग वीस मिनिटं गटात काम. त्या गटात यादीतलं मूल एकटं कधीच नाही, वर्गातली आणखी दोन-तीन कच्ची मुलं सोबत घेते. शब्द जोडायला अडणारी मुलं प्रत्येक वर्गात असतातच. त्यामुळे "तिची बाई आली" हे आपोआप थांबतं आणि सर पण खुश, कारण त्यांच्याही दोन मुलांना हात मिळतो. शेवटची दहा मिनिटं मुलाची नाहीत, शिक्षकांची. त्यांच्याजवळ उभं राहून एकच गोष्ट सांगायची, पुढच्या पंधरा दिवसांसाठी. एका चिठ्ठीवर, एका ओळीत: "तिला प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजून मगच दुसऱ्याला विचारा." एवढंच.

आधी मी पाच-पाच पानांचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करून द्यायचे. तो कपाटात घडी न मोडता सापडायचा. शिक्षकांचा दोष नाही. चार इयत्ता सांभाळणाऱ्या माणसाने पाच पानं कधी वाचायची?

आणि एक सांगते, "तुमचं पोरगं" हा शब्द पहिल्याच दिवशी गोड बोलून परत करायचा. मी म्हणते, "सर, पोरगं तुमचंच. मी पंधरवड्याची पाहुणी."

जुनाखडू

मी निवृत्त केंद्रप्रमुख. आंबेमोहर मॅडमची चिठ्ठी मला फार आवडली.

एका शिक्षिकेकडे ४१ मुलं या आकड्याबद्दल थोडं लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडेय खटल्यात प्रमाण सांगितलं आहे: प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना पंधरामागे एक. पुढे २०२५ मध्ये पदं मंजूर करून भरा म्हणून राज्यांना पुन्हा आदेश द्यावा लागला. आपल्या राज्याने २०२४ मध्ये दर केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० पदांचा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे. पण केंद्र म्हणजे दहा-पंधरा शाळा, तिथं एक माणूस. दहाला एक हे प्रमाण अजून लांब आहे. मॅडम, तुम्ही चाळीस मिनिटांत सगळं साधलं नाही म्हणून रात्र जागू नका.

दोनशिक्षकी

इथं शिक्षकांची बाजू कुणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितोय. राग मानू नका.

आमची शाळा दोन शिक्षकी, पट ३८. सोबतचे शिक्षक मतदारयाद्यांच्या कामाला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. दुसरीत एक स्वमग्न मुलगा आहे. बोलत नाही. मधूनच उठतो आणि दाराबाहेर धावत सुटतो. शाळेसमोर डांबरी रस्ता, शंभर पावलांवर विहीर. मी त्याच्यामागे धावलो तर ३७ मुलं वर्गात एकटी. मी दाराला आतून कडी लावून शिकवतो. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही, पण त्याचं काही बरं-वाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

आमच्याकडेही विशेष शिक्षिका येतात. चांगल्या आहेत. त्या असतात तेव्हा तो शांत असतो. त्या गेल्या की मी आणि तो. समावेशित शिक्षणाचं जे प्रशिक्षण मला मिळालं त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नावं सांगितली. धावणाऱ्या मुलाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

आंबेमोहर

दोनशिक्षकी सर, राग कशाला मानू? तुम्ही कडी लावता ते त्याचा जीव जपायला.

एक करून बघाल का? तीन दिवस फळ्याच्या कोपऱ्यात किंवा हजेरीच्या मागच्या पानावर फक्त वेळ लिहून ठेवा. तो कधी उठला, त्याच्या आधीच्या मिनिटात वर्गात काय चाललं होतं. दुसरं काही करू नका. पळण्यामागे बहुतेक वेळा कारण असतं, त्याला ते सांगता येत नाही म्हणून तो पायांनी सांगतो. आणि तोवर त्याची जागा दारापासून सर्वांत लांब, भिंतीकडेला करा.

निरांजन

मी शिक्षिका नाही, आई आहे. माझा मुलगा स्वमग्न आहे, आता चौथीत. दोनशिक्षकी सर, तुम्ही लिहिलंत ते वाचून डोळे भरून आले. माझ्या मुलाच्या पहिल्या शाळेत कुणी त्याच्यामागे धावलंच नाही. आम्हाला बोलावून सांगितलं, "इथं जमणार नाही, स्पेशलला घाला." ती शाळा आमच्या घरापासून तीन मिनिटांवर होती.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मला तेव्हा माहीत नव्हता. सहा ते अठरा वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, हे मला नंतर एका विशेष शिक्षिकेनेच सांगितलं. ती आमच्या घरी आली तेव्हा मी तिला चहा विचारायचंही विसरले होते. तिने मुलाकडे बघून विचारलं, "याला काय आवडतं?" तोवर आम्हाला सगळ्यांनी त्याला काय येत नाही हेच विचारलं होतं.

माणदेशी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आईचं आहे. माझ्या मुलाला अक्षरं घरीही शिकवता येतात. वर्गातली मुलं मी घरी आणू शकत नाही. त्याला वर्गातच राहू द्या.

मोगरी

निरांजन, +१. डोळे पाणावले.

सहाटिंबे

मला वेगळं म्हणायचंय, म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं.

मी जन्मांध. नव्वदच्या दशकात सांगली जिल्ह्यात गावच्या साध्या प्राथमिक शाळेत शिकलो. एकात्म शिक्षण योजनेतले एक फिरते शिक्षक आठवड्यातून एकदा यायचे. ते मला वर्गातून बाहेर काढायचे, आणि त्यांनी तसं केलं नसतं तर आज मी बँकेत नोकरी करत नसतो. वर्गात ब्रेल कुणालाच येत नव्हतं. ब्रेल पाटीवर टोच्याने लिहायचं ते उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. हे चाळीस मुलांच्या गोंगाटात, गुरुजी पाढे म्हणून घेत असताना शिकता येतं का? मला ती शांत खोली हवी होती. त्या तासाची मी आठवडाभर वाट बघायचो.

तेव्हा "वर्गातच राहू द्या" हे प्रत्येक मुलाला लागू करू नका. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा, अंधाला ब्रेल आणि काठी घेऊन चालणं, ही कौशल्यं आहेत. ती वेगळीच शिकवावी लागतात.

फक्त एक विनंती. ते शिक्षक एसटीच्या वेळेमुळे नेमके खेळाच्या तासाला यायचे. मुलं मैदानावर ओरडायची आणि मी आत टोचे मारत बसायचो. तेवढा राग अजून आहे. बाहेर काढाच, पण खेळाच्या, चित्रकलेच्या, खिचडीच्या वेळेला नाही.

माणदेशी_वाट

सहाटिंबे, तुम्ही लिहिलंत हे किती बरं झालं. मी उद्याच माझं वेळापत्रक काढून बघते. तीन शाळांमध्ये मी सकाळी परिपाठ संपता संपता पोहोचते आणि लगेच मुलाला बाहेर बोलावते. परिपाठात त्याला काही मिळतंय का, हे मी कधी विचारलंच नाही.

वेलांटी

ब्रेलवरून आठवलं. मी अध्ययन अक्षम, म्हणजे बुद्धी चांगली असून वाचण्या-लिहिण्यात अडणाऱ्या मुलांबरोबर काम करते, ठाण्यात. मराठी वाचताना आमची मुलं कुठं अडतात, ते इथल्या भाषाप्रेमींना सांगावंसं वाटतं. "कि" लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी काढायची, पण म्हणताना आधी क, मग इ. "सूर्य"मधला र म्हणायचा य च्या आधी, आणि काढायचा य च्या डोक्यावर. ज्याच्या डोळ्याला आणि कानाला क्रम जुळवणं आधीच जड जातं, त्याला मराठी इथं दोनदा चकवते. त्यात ब-व, घ-ध, म-भ, थ-य या जोड्या. आणि ब्रेलमध्ये "कि" लिहिताना क आधी आणि इ नंतर येतं, जसं बोलतो तसं. सहाटिंबे, बरोबर ना?

सहाटिंबे

अगदी बरोबर. मला वेलांटी डावीकडे असते हे वयाच्या वीसाव्या वर्षी एका मित्राने तळहातावर काढून दाखवलं तेव्हा कळलं. मला ते फारच अजब वाटलं होतं!

गणितवेडा

अवांतर होतंय, पण हाच घोळ आकड्यांत आहे. सत्तावीस म्हणताना सात आधी, लिहिताना दोन आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" आणलं तेव्हा याच संस्थळावर केवढं रण माजलं होतं. मी पण विरोधातच होतो. मराठीची मोडतोड वाटली.

वेलांटी

मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण मंगला नारळीकर यांच्या समितीने तो पर्याय म्हणून दिला होता, सत्तावीस काढून टाकलं नव्हतं. माझ्याकडे एक मुलगा होता, ३८ सांगितलं की ८३ लिहायचा. दोन वर्षं. त्याला "तीस आठ" म्हणायला दिलं आणि दहाच्या मण्यांच्या तीन माळा, सुटे आठ मणी हातात दिले. आठवड्याभरात बरोबर लिहू लागला. नंतर अडतीसही म्हणाला. ज्याला उडी मारता येते त्याने मारावी, ज्याला येत नाही त्याला एक पायरी असू द्या.

गणितवेडा

हे माहीत असतं तर मी तेव्हा तसं लिहिलं नसतं. खरंच.

कोवळंऊन

एक शंका. माझी भाची दुसरीत आहे, वाचनात फार मागे. शाळा म्हणते लगेच अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आणा. कुठं मिळतं?

वेलांटी

कोवळंऊन, आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हे प्रमाणपत्र मिळत नाही. मिळालं तरी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. दुसरीतल्या मुलीसाठी शाळेने आत्ता कागद मागायची गरजच नाही. आधी डोळे आणि कान तपासा. मग तिच्याशी रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन. कागद नाही म्हणून मदत थांबवू नका, हे शाळेला ठामपणे सांगा.

आंबेमोहर

वेलांटीताई, "आधी डोळे आणि कान" याला शंभर वेळा अनुमोदन. माझ्या यादीवर एका शाळेने दुसरीतल्या मुलाचं नाव "मतिमंद" म्हणून दिलं होतं (हा शब्द अजून जात नाही). मी जवळ गेले तर कानातून पू येत होता, वास येत होता. घरी विचारलं तर "लहानपणापासून कान फुटतो त्याचा, आपोआप बरा होतो". ग्रामीण रुग्णालयात नेलं, औषधं झाली, नंतर कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया. चौथीपर्यंत तो वर्गात पहिल्या पाचात. त्याला दोन वर्षं नीट ऐकूच येत नव्हतं.

श्रवणयंत्राबद्दलही लिहिते, नवीन शिक्षकांना उपयोगी पडेल. शिबिरात यंत्र मिळतं, दोन महिन्यांनी ते डब्यात. कारण सेल संपले. हे सेल हवेवर चालतात. वरचा कागदी टिकला काढला की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो, वापरा नाही तर नका वापरू. एका मुलाने ते रंगीत टिकले आवडले म्हणून आलेल्या सगळ्या सेलचे काढून वहीत चिकटवले होते! फार सुंदर नक्षी केली होती. आता मी यंत्र देतानाच आईला आणि वर्गशिक्षकांना सेल बदलून दाखवते आणि रिकामे टिकले मुलाला नक्षीसाठी देते.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितेय. इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत नऊ वर्षं विशेष शिक्षिका आहे, त्याआधी मुंबईत होते.

इथं १९७५ सालापासून कायदा आहे आणि मूल वर्गात किती आणि बाहेर किती, हे मिनिटांत लिहून ठेवावं लागतं. आराखड्याच्या बैठकीला पालक, वर्गशिक्षक आणि मी एका टेबलाशी बसतो आणि तिथंच ठरतं: वाचनासाठी रोज तीस मिनिटं बाहेर, विज्ञानाला वर्गात, सोबत मदतनीस. बाहेर काढायचं असेल तर का, हे आम्हाला लिहावं लागतं. वर्गात का ठेवलं, हे कुणी विचारत नाही. मला ही एक गोष्ट फार मोलाची वाटते, आणि तिला पैसा लागत नाही. माणदेशी, तुम्ही तुमच्या डायरीत प्रत्येक मुलापुढे एवढंच लिहून बघा: बाहेर का?

बाकी "तुमची मुलं" हे वाक्य मला इथंही ऐकू येतं, इंग्रजीत. आंबेमोहरताईंचं पाहुणीचं उत्तर मी सोमवारपासून वापरणार आहे.

धारूरघाट

बीड जिल्ह्यातून. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबं निघतात ती मार्च-एप्रिलला परत. यादीतलं मूल पण जातं. चालता न येणाऱ्या मुलाला आई-बाप कुणाकडे ठेवणार? ते कोपीवर, म्हणजे तोडणीच्या तळावरच्या झोपडीत जातं आणि दिवसभर उसाच्या पाचटावर बसून राहतं. जून ते दिवाळी जे शिकवलं ते सगळं मागे जातं. मी हल्ली आजीला धरतो. आजी मागे राहणार असेल तर पोराला तिच्याजवळ ठेवायला सांगतो, आणि मदतनीस भत्ता मंजूर असेल तर त्या पैशाचा आधार होतो. जे जातातच, त्यांच्या आईला निघण्याआधी पायांचे तीन व्यायाम शिकवून ठेवतो. फोनवर व्हिडिओ करून देतो. गेल्या वर्षी एका माउलीने कारखान्यावरून मला रोज रात्री फोटो पाठवला. दिवसभर मोळ्या वाहून.

सांजवात

धारूरघाट, त्या माउलीला माझा नमस्कार सांगा.

डॉ_बोरीबाभूळ

शिक्षक मंडळी जमलीच आहेत तर एक महत्त्वाचं. यादीतल्या बऱ्याच मुलांना फिट्स येतात. वर्गात फिट आली तर चप्पल, कांदा हुंगवू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. हात-पाय दाबून धरू नका. आसपासच्या वस्तू बाजूला करा, डोक्याखाली दप्तर द्या, झटके ओसरू लागले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं किंवा लगेच दुसरी आली तर १०८ ला फोन. आणि मूल शुद्धीवर आल्यावर त्याच्या भोवती घोळका नको. मुलांना आधीच समजावून सांगितलं तर तीच सगळं नीट करतात, मोठ्यांपेक्षा नीट.

जुनाखडू

डॉक्टर, हे मी आमच्या केंद्राच्या गटावर पाठवतोय.

मुलं मोठ्यांपेक्षा नीट करतात यावरून सांगतो. आमच्या एका शाळेत डाउन सिंड्रोम असलेली मुलगी होती. वर्गशिक्षिकेने तिला हजेरीचं काम दिलं, नाव पुकारलं की त्या मुलाकडे जाऊन पाठीवर थाप मारायची. सगळ्यांची नावं आणि चेहरे तिला पाठ. एकदा मी तपासणीला गेलो तर माझ्याजवळ आली, बराच वेळ बघितलं, आणि बाईंना म्हणाली, "हा रोज येत नाही. गैरहजर लावा." मी त्या शाळेत त्यानंतर जास्त वेळा जाऊ लागलो.

दोनशिक्षकी

आंबेमोहर मॅडम, तुम्ही सांगितलं तसं वेळ लिहून ठेवली. तीन नाही, पाच दिवस. पाचही दिवस तो साडेअकरा ते पावणेबारामध्येच धावला. आधी वाटलं भूक लागत असेल. पाचव्या दिवशी लक्षात आलं. शेजारच्या खोलीत खिचडीचा कुकर लावलेला असतो. शिट्टी व्हायच्या आधी जो फस्स आवाज सुरू होतो, तो आला की हा कानावर हात घेऊन उठतो.

दोन वर्षं तो कुकरला घाबरून पळत होता आणि मी त्याला शिस्त लावत होतो.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी बोललो. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आधी का नाही सांगितलं?" आता त्या पातेल्यात शिजवतात, अर्धा तास लवकर येतात. बुधवारपासून मी कडी काढली आहे. आज शनिवार, एकदाही धावला नाही. रस्त्याच्या बाजूला अजून लक्ष ठेवतोच.

निरांजन

सर, मी हे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या मावशींचे पाय धरावेसे वाटतात.

आंबेमोहर

आज दिवसभर मी हसतेय. गुरुजी, हे तुम्ही शोधलंत. आमच्यापैकी कुणी पंधरवड्यातून एकदा येऊन हे कधीच शोधू शकलं नसतं, साडेअकराला आम्ही तिथं नसतो.

माणदेशी_वाट

दोन महिन्यांनी परत येतेय. मधे मापन शिबिर (मुलांच्या साधनांसाठी मापं घ्यायचं), मग ऑनलाइन नोंदी, मग पाऊस. पाऊस आमच्याकडे थोडाच, पण आला तो बरोबर स्कूटीवर असताना.

काय केलं ते लिहिते. डायरीत ४१ मुलांपुढे "बाहेर का?" लिहून बसले. अकरा मुलांपुढे खरं कारण लिहिता आलं. दोघांना अंशतः दिसतं, त्यांना भिंगाचा सराव लागतो. एकाला शौचाची सवय लावायची आहे, ते चारचौघांत नको. काहींना अक्षरं अगदी पहिल्यापासून, शांततेत. बाकी तीस मुलांपुढे माझ्याकडे एकच कारण होतं, सर म्हणाले घेऊन जा.

त्या तीसांसाठी आंबेमोहरताईंची रीत सुरू केली. सगळीकडे जमत नाही. एका शाळेत मी मागे बसले की सरांना तपासणी वाटते, ते बोलायचेच बंद होतात. तिथं मी त्यांना म्हटलं, तुम्ही मागे बसा, मी सगळ्या वर्गाला गोष्ट सांगते, तुम्ही फक्त त्या मुलाकडे बघा. गोष्ट संपल्यावर सर म्हणाले, "तो ओठ हलवत होता मॅडम. प्रत्येक शब्दाला." त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं होतं. दुसऱ्या दोन शाळांमध्ये चिठ्ठ्या नुसत्या खिळ्याला टोचलेल्या सापडल्या. तिथं काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही.

आणि ती दप्तरवाली. तिच्या सरांना मी चिठ्ठीत अभ्यासाचं काहीच लिहिलं नाही. लिहिलं, "ती उठली तरी तिची जागा तिचीच राहावी." सरांनी बस्करावर खडूने चौकटी आखल्या, सगळ्यांसाठी, आणि प्रत्येकाने आपल्या चौकटीत आपलं चित्र काढलं. तिने शेळी काढली. तिच्या शेळीला सहा पाय आहेत.

मागच्या मंगळवारी तिला आणि आणखी दोघींना वाचनाला बोलावलं. ती नुसतीच आली, हात मोकळे. मी मुद्दाम विचारलं, दप्तर कुठंय? तिने माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, "शेळीवर."

सहाटिंबे

माणदेशी, मंगळवारी किती वाजता बोलावलं होतंत? खेळाचा तास नव्हता ना?

माणदेशी_वाट

नाही हो. खेळ तीनला असतो. मी पावणेतीनला सोडलं.